सीझन संपण्याची वाट न पाहता

“एवढा सीझन संपू द्या, मग जाऊ.” आपल्या व्यापारी घरांतून हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की ते कानावर पडले तरी मनापर्यंत पोहोचत नाही. कापड दुकानदाराची लगीनसराई सरते तोच शाळांचे गणवेश सुरू होतात, ते आवरले की राखी आणि त्यापाठोपाठ दिवाळी. सराफाला धनत्रयोदशीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. डाळमिलवाल्याचे डोळे तुरीच्या आवकेवर, जिनिंगवाल्याचे कापसावर. प्रत्येकाचा सीझन वेगळा, त्यामुळे चार मित्रांना एकाच वेळी मोकळीक मिळणे हा जवळजवळ अशक्य योग.

आम्ही मित्र खरे तर पाच होतो. जळगावच्या मू. जे. महाविद्यालयात एका बाकावर बसलेले, पुढे पाच वेगवेगळ्या गाद्यांवर बसलेले. गाडीने उत्तरेला जायचे आणि बर्फातून जाणारा रस्ता आपल्या चाकांखाली घ्यायचा, हा बेत पाचव्याचा. तीस वर्षे तो बेत “सीझन संपला की” या वाक्याला टांगलेला राहिला. एका दिवाळीच्या तोंडावर, ऐन गर्दीत, दुकानाच्या पायरीवरच त्याने आपला निरोप घेतला. उठावण्यानंतर त्याच्या मुलाने गल्ल्याच्या तळाशी सापडलेला एक घडी घातलेला नकाशा आमच्या हाती दिला. त्यावर तांबड्या पेन्सिलीने जळगावपासून हिमाचलातील नारकंड्यापर्यंत रेघ ओढलेली होती आणि कडेला त्याच्याच अक्षरात दोन शब्द होते : “मळमासात जमेल.”

त्याचा हिशेब बरोबर होता. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, सूर्य धनु राशीत असतो तेवढ्या काळात, लग्नकार्ये नसतात. पंचांग त्याला धनुर्मास म्हणते, आपल्या मारवाडी घरांत तो मळमास. कापड आणि सोने या दोन्ही दुकानांत त्या दिवसांत वर्दळ कमी असते, नवी तूरही अद्याप जोराने आलेली नसते. आणि डोंगरातही नववर्षाची गर्दी उतरली की जानेवारीत शुकशुकाट होतो. आमची मंदी आणि डोंगराची मंदी एकाच पंधरवड्यात येते, हे तीस वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले नव्हते. ज्याच्या आले, तो राहिला नव्हता.

धुळ्याच्या दारातला रस्ता

३१ डिसेंबरला सकाळी आम्ही तिघे जळगावहून निघालो : मी, एक सराफ आणि एक डाळमिलवाले. चौथा मित्र धुळ्याचा, आडतीचा व्यापारी. त्याला घेऊन गाडी शिरपूरकडे वळली. मागच्या बाजूला थेपले, खाखरे, मेथीपुऱ्या, मुगाची मोगर, सांगरी, लहान कुकर, शेगडी आणि पाणी उकळण्याचे पातेले. त्याखाली, सर्वांत तळाशी, चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या. या क्रमाचा पश्चात्ताप पुढे व्हायचा होता.

धुळ्याहून इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण अजूनही मुंबई–आग्रा रोड म्हणतो. पूर्वी त्याचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१० साली देशभरातील महामार्गांचे क्रमांक बदलले आणि धुळे–इंदूर हा भाग ५२ क्रमांकात गेला. हा ५२ क्रमांकाचा महामार्ग पंजाबातील संगरूरला सुरू होतो आणि हिसार, चुरू, सीकर, जयपूर, कोटा, इंदूर, धुळे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर असा दक्षिणेला जाऊन कर्नाटकातील अंकोल्याला समुद्राजवळ संपतो. गंमत अशी की सोडलेला ३ क्रमांक नव्या व्यवस्थेत अटारीहून मनालीमार्गे लेहला जाणाऱ्या रस्त्याला मिळाला. आपल्या धुळ्याच्या रस्त्याचा जुना आकडाच जणू आमच्याआधी बर्फात जाऊन राहिला होता.

निघण्यापूर्वी आम्ही दोन नियम केले. आमच्यापैकी दोघांचा चौविहार असतो, म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठायचा आणि नंतर चाक हलवायचे नाही. दुसरा नियम, दुकानाला दिवसातून एकच फोन. पहिला नियम सहा दिवस टिकला. दुसरा बिजासनचा घाट चढण्यापूर्वीच सराफ मित्राने तीनदा मोडला. त्याने मुलाला प्रथमच पेढीवर एकट्याने बसवले होते. “तिजोरी नीट बंद केली ना? आजचा भाव लावला ना? त्या पिंपळगावच्या पाटलांची पाटली दिली ना?” प्रत्येक उत्तर “हो पप्पा” असेच येत होते, तरी त्याचे समाधान होत नव्हते.

दिवसाकाठी तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर या बेताने आमचे मुक्काम इंदूर, कोटा, जयपूर आणि हिसार असे झाले. एखाद्या तरुणाने हे अंतर निम्म्या दिवसांत कापले असते. परंतु उजेडातच चालल्यामुळे रस्ता दिसला. ज्या राजस्थानातून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज लोटा-दोरी घेऊन खानदेशात उतरले, त्यातून आम्ही उलट दिशेने चढत होतो. शेखावाटीत फतेहपूरजवळ सकाळी शेताच्या कडेला पाण्याच्या डबक्यावर बर्फाची पापडी धरलेली दिसली. वाळूच्या प्रदेशात, डोंगर शेकडो किलोमीटर दूर असताना! या भागात जानेवारीत पारा शून्याखाली जातो आणि शेजारच्याच चुरूत उन्हाळ्यात तो पन्नाशीला टेकतो. पुढे हरियाणात धुके इतके दाट की समोरच्या ट्रकचे दिवे दहा हातांवर दिसावेत. दोन सकाळी आम्ही दहा वाजेपर्यंत नुसते बसून होतो. धुळेकर मित्र म्हणाला, “बाजार उघडल्याशिवाय बोली लावायची नसते.”

सूर्याबरोबर चालणारे

चंदीगड ओलांडून परवाणूला डोंगर सुरू झाला. सोलनला मुक्काम केला. तिथे एक साधी गोष्ट ध्यानात आली. आपल्या घरातील पंचांगात छापलेली सूर्यास्ताची वेळ जळगावची. शिमल्याच्या परिसरात जानेवारीच्या आरंभी सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी, आणि उगवतो सव्वासातनंतर. नवकारशी आली की सव्वाआठच्या जवळ वाजलेले. त्यातही डोंगराच्या सावलीतील वळणांवर ऊन दुपारी तीनलाच निघून जाते. दिवस लहान, आणि रस्त्याचा दिवस त्याहूनही लहान.

शिमल्याहून ठियोग, मतियाना, नारकंडा असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५ जातो. हा मूळचा हिंदुस्तान–तिबेट रस्ता. १८५० साली डलहौसीच्या काळात त्याचे काम सुरू झाले. शिमल्याहून नारकंडा सुमारे ६२ किलोमीटर. शिमल्यात आम्ही रमलो, मॉल रोडवर ऊन खाल्ले, घरच्यांसाठी शाली पाहिल्या, घासाघीस केली. शाली घेणे माझ्याच व्यवसायातले असल्याने उशीर माझ्यामुळे झाला, हे मान्य केले पाहिजे. ठियोगला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. चहाच्या टपरीवरील माणसाने सांगितले, “आज इथेच थांबा, सकाळी ऊन आल्यावर निघा.” डाळमिलवालेही तेच म्हणाले. मी म्हणालो, “अजून तीसेक किलोमीटर. तासाभराचा रस्ता. उजेड आहे तोवर पोहोचू.”

संध्याकाळी फळ्या लावताना आलेले शेवटचे गिऱ्हाईक आपण परत पाठवत नाही. त्याच सवयीने मी बोललो.

रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन दिवसांपूर्वी पडलेला बर्फ ढकलून ठेवला होता. मधला डांबरी पट्टा काळा, स्वच्छ, थोडा ओला दिसत होता. साखळ्या काढाव्यात असे कुणाच्याही मनात आले नाही. मतियानाच्या थोडे अलीकडे डोंगराच्या सावलीत एक वळण आले आणि मी नेहमीसारखा ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली नाही. तिचा आवाजही बदलला नाही. स्टेअरिंग वळत होते आणि गाडी वळत नव्हती. मागची बाजू दरीकडे सरकली, मग कशी कोण जाणे पुढचे तोंड डोंगराकडे फिरले आणि पुढचे चाक कडेच्या नालीत धसून गाडी तिरकी उभी राहिली. दरीकडील कठडा मागच्या चाकापासून तीन हातांवर होता. नाली डोंगराच्या बाजूला होती म्हणून वाचलो. यात माझे कौशल्य काडीचे नाही. मागच्या आसनावरून नवकार मंत्राचा आवाज येत होता. तो कुणाचा, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

जे ओले डांबर वाटले होते तो पारदर्शक बर्फ होता. दुपारी कडेचा बर्फ उन्हाने वितळतो, त्याचे पाणी रस्त्यावरून वाहते आणि सावली पडताच काचेसारखे गोठते. खालचे काळे डांबर त्यातून दिसत राहते, म्हणून नवखा फसतो. पांढरा, भुसभुशीत बर्फ सावध तरी करतो. हा करत नाही.

खाली उतरणारा एक छोटा ट्रक थांबला. चालक आणि त्याच्या सोबत्याने आधी दोन्ही बाजूंना माणूस उभा करून येणारी वाहने थोपवली, मग शेजारच्या ढिगातली माती आणि डब्यातली राख चाकांखाली पसरली आणि दोर लावून आमची गाडी नालीतून काढली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आमच्या साखळ्या थेपल्यांच्या डब्यांखालून बाहेर आल्या. कुठले, असे त्याने विचारले. जळगाव आणि धुळे म्हटल्यावर तो हसला. सफरचंदांच्या दिवसांत तो महाराष्ट्राच्या फेऱ्या करीत असे. “धुलिया! म्हणजे बिजासन घाट,” तो हिंदीत म्हणाला. “तिथे उतरताना आमचे प्राण कंठाशी येतात. इथे तुमचे आले.” मी खिशात हात घातला, त्याने तो बाहेर काढू दिला नाही. एवढेच म्हणाला, “शेठजी, इथे सूर्याबरोबर चालायचे. दहाच्या आधी नाही, तीननंतर नाही.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सहा दिवस पाळलेला नियम आपलाच होता. तो आपण केवळ जेवणाचा समजत होतो.

त्या रात्री मतियानाला एका ढाब्याच्या मागील खोलीत राहिलो. साडेपाचला पाच मिनिटे असताना चौघांनी उभ्यानेच खाखरे खाल्ले आणि पाणी प्यायले. ही हकीकत आम्ही घरी सांगितली नव्हती. हा लेख घरात वाचला जाईल तेव्हा जे ऐकून घ्यावे लागेल, त्याची तयारी आहे.

थंडीचा रोजमेळ

दुसऱ्या दिवशी ऊन रस्त्यावर आल्यावर, साखळ्या बांधून, दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला न शिवता आम्ही नारकंडा गाठले. चाकावर मी नव्हतो, डाळमिलवाले होते. उंची सुमारे २७०० मीटर. वरच्या हाटू शिखराचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, तिकडे कुणी जात नव्हते. गावातील बहुतेक खाणावळींची दारे लावलेली. पुढे थानेदारच्या बाजूला एका बागवानाच्या घरी खोली मिळाली. सराफ मित्राने आपल्या सवयीप्रमाणे भाव केला आणि सीझनच्या निम्म्यावर आणला. घरधन्याने मान हलवली. पुढे दिसले की नळ गोठल्यामुळे तो आणि त्याचा मुलगा खालच्या झऱ्यावरून बादल्यांनी पाणी आणत होते आणि आमच्या खोलीतील बुखारीसाठी रात्री दोनदा उठून लाकूड घालत होते. मंदीत भाव पडतो, पण मालकाचा खर्च पडत नाही. ही गोष्ट आम्हाला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. तरी आम्ही ती विसरलो होतो.

स्वयंपाकघर त्यांनी आमच्या हवाली केले. हिवाळ्यात इथल्या जेवणाचा आधार बटाटा, तो आम्हाला वर्ज्य. त्यांनी कांदा-लसणाशिवाय राजमा केला, आम्ही मोगर आणि कढी केली. डाळमिलवाल्यांनी स्वतःच्या गिरणीतील तूर मोठ्या अभिमानाने पातेल्यात चढवली आणि तासाभराने ती तशीच टणक होती. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी साधारण ९१ अंशांवरच उकळू लागते, उकळ्या दिसतात पण डाळ शिजत नाही. शेवटी कुकर लावावा लागला. “माल चांगला आहे, हवा खराब आहे,” असे तिचे समर्थन करण्यात आले.

रात्री बर्फ पडला. पावसाला आवाज असतो, बर्फाला नसतो. सकाळी दार उघडले तर अंगण, छप्पर, झाडे सारे एकसारखे. धुळेकर मित्र उंबऱ्यातच थांबला. लहानपणी पाठशाळेत जीवविचार शिकताना अप्कायाचे प्रकार पाठ केले होते, त्यात दव, धुके, गारा आणि हिमही होते. “पाठ केलं तेव्हा हिम पाहिलं नव्हतं,” तो म्हणाला. घरधन्याने फावड्याने वाट मोकळी करेपर्यंत तो बाहेर पडला नाही. आम्ही त्याची चेष्टा केली नाही. बर्फाचे गोळे मारण्याचा माझा बेतही तिथेच राहिला.

आम्हाला वाटले होते, या दिवसांत बागवान रिकामा असेल. तो सकाळपासून बागेत होता. एका झाडाची छाटणी सुरू होती, दुसऱ्याच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात शेणखत पडत होते. तिथे आळ्याला तौलिया म्हणतात. पानगळ झालेली काळी झाडे पाहून मी विचारले, झाडे वाळली तर नाहीत? त्याने सांगितले की झाडे झोपली आहेत आणि त्यांचे सगळे वर्ष या झोपेवर आहे. जुन्या जातीच्या डेलिशस सफरचंदाला हिवाळ्यात सात अंशांहून कमी तापमानाचे सुमारे हजार ते बाराशे तास मिळावे लागतात. बाराशे तास म्हणजे सलग पन्नास दिवस-रात्र. तेवढी थंडी अंगावर घेतल्याखेरीज वसंतात कळ्या नीट उमलत नाहीत. फुलोरा मागे-पुढे होतो आणि फळ कमी धरते. बर्फ हळूहळू वितळून मुळांपर्यंत पाणी पोहोचवतो ते वेगळेच. “झाडाने या दिवसांत काही न करणे, हेच त्याचे काम,” तो म्हणाला. अलीकडे कोरडे हिवाळे वाढल्याने तास पुरे होतील की नाही याचीच त्याला चिंता होती.

मग त्याने आतून एक पातळ वही आणली. तारीख, सकाळचे तापमान, पडलेला बर्फ, अशा रकान्यांनी भरलेली. सराफ मित्राने चष्मा लावून ती पाने उलटली आणि म्हणाला, “हा तर रोजमेळ आहे.” खरोखरच तो थंडीचा रोजमेळ होता. जमेला तास आणि खर्चाला कोरडे दिवस.

या सफरचंदांचा इतिहासही बागवानाच्या तोंडी होता. १८८२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ जन्मलेले सॅम्युएल स्टोक्स १९०४ साली भारतात आले आणि कोटगढला स्थायिक झाले. १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून डेलिशस जातीची रोपे आणून लावली आणि शेजाऱ्यांनाही ती लावायला दिली. असहकाराच्या चळवळीत ते तुरुंगात गेले, १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले आणि १९४६ साली वारले. थानेदारला त्यांनी बांधलेले मंदिर आहे. आज आपल्या फळबाजारात येणाऱ्या हिमाचली पेट्यांचे मूळ त्या उतारावर आहे.

आपल्याकडे हीच थंडी वेगळे रूप घेते. धुळ्याचा पारा कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा रावेर-यावलच्या केळीबागांत शेतकरी रात्री पाणी देतात, धूर करतात. बारा अंशांच्या खाली केळीची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, घड भरत नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आपले जळगावचे केळे थंडीला भिते आणि थानेदारचे सफरचंद थंडीवाचून धरत नाही. प्रत्येक पिकाची विश्रांती निराळी, हे खरे. पण बागवानाच्या बागेत उभे राहून आम्ही चौघेही एकच हिशेब करीत होतो. गेल्या तीस वर्षांत आपल्या वहीत असे तास किती जमा झाले?

दुपारी वीज गेली आणि तिच्यामागोमाग फोनची रेंज. सराफ मित्र आधी खिडकीशी, मग गच्चीत, मग रस्त्यावर जाऊन आला. संध्याकाळी त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बुखारीजवळ येऊन बसला. त्या रात्री आम्ही पाचव्या मित्राविषयी बोललो. तो गेल्यापासून त्याच्याविषयी इतके बोलणे झाले नव्हते. भेटी होत होत्या, पण दुकानात उभ्या-उभ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेंज आली तेव्हा सराफाच्या फोनवर मुलाचा एकच निरोप होता : “पप्पा, इथे सगळं ठीक आहे. थंडी फार आहे का? जेवलात ना?” त्याने तो दोनदा वाचला आणि फोन परत खिशात ठेवला. पुढे घरी पोहोचेपर्यंत एक फोनचा नियम त्याने पाळला.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

हा लेख वाचून कुणी कुटुंबासह निघणार असतील, तर आमच्या चुकांतून निघालेले काही सांगणे कर्तव्य आहे. बर्फाच्या रस्त्यावर सकाळी दहापूर्वी आणि दुपारी तीननंतर गाडी काढू नये. साखळ्या सामानाच्या वर ठेवाव्यात आणि त्या बांधण्याचा सराव घरी अंगणात करावा. उतारावर ब्रेकऐवजी खालच्या गिअरवर विसंबावे, पुढच्या वाहनापासून दुप्पट-तिप्पट अंतर ठेवावे. रात्री गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड लावून उभी करावी. हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून अडकू शकतो. इंजिनात गोठणरोधक मिसळलेले कूलंट आहे ना, हे गॅरेजमधून पाहून घ्यावे. लहान फावडे आणि पिशवीभर वाळू जवळ असावी. पुढचा रस्ता उघडा आहे की नाही हे रोज सकाळी स्थानिक पोलिसांना विचारावे आणि ते नाही म्हणाले तर वाद घालू नये. आपल्या जेवणासाठी कुकर, शेगडी आणि दोन दिवसांचा कोरडा शिधा बरोबर असला की कुणावर भार पडत नाही. वयस्कर मंडळींनी हृदयाची किंवा दम्याची तक्रार असल्यास डॉक्टरांना विचारूनच इतक्या उंचीवर जावे. आणि मंदीत खोली भाड्याने घेताना शेवटच्या रुपयापर्यंत भाव करू नये.

शेवटच्या सूचनेमागे आमची भरपाई आहे. निघताना आम्ही पूर्ण भाडे पुढे केले. घरधनी म्हणाला, बोली झाली ती झाली. बोलीला पक्का माणूस पाहून सराफाने दुसरा मार्ग काढला. सप्टेंबरमधल्या फळाच्या वीस पेट्यांची नोंदणी केली आणि रक्कम तिथेच दिली. तो सौदा मात्र त्याने आनंदाने घेतला.

१३ जानेवारीला, सूर्य मावळण्यापूर्वी, आम्ही जळगावात परतलो. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, मळमास संपला होता आणि माझ्या दुकानात लग्नाच्या बस्त्याला एक घर येऊन बसले होते. मुलाने त्यांना गादीवर बसवून साड्या दाखवायला सुरुवातही केली होती. मी मागे बसलो आणि चहा सांगितला.

सप्टेंबरात पेट्या आल्या. वरच्या पेटीत एक चिठ्ठी होती : या वर्षी तास पुरे झाले. ती पेटी आम्ही चौघे पाचव्या मित्राच्या घरी घेऊन गेलो आणि नकाशाही परत दिला. तांबड्या रेघेवर आता आमच्या मुक्कामांच्या तारखा होत्या, मतियानाचीही. मुलाने तो बराच वेळ पाहिला. “काका, मलाही जायचंय. एवढा दिवाळीचा सीझन—” असे म्हणून तो थांबला. भाभी आतून पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून त्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “मळमास कधी लागतो ते बघ.”